मापाचा ब्लाउज

मास्तरणीनं ब्लाउज उलटा केला, आतली डावी बाजू बोटांनी चाचपली आणि नाकाशी नेली. मग तो मशीनवर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"हौसे, हा कुणाचा?"

"द्वारकीचा. माझ्या धाकट्या बहिणीचा. मापाला आणलाय."

"पाजण्यातली हाय का ती?"

"काहीतरीच काय? पोरीचं लग्न काढलंय तिनं. आता कुठलं पाजायचं?"

"मग हे दूध न्हाय," मास्तरीण म्हणाली.

मी पुढं होऊन बघितलं. ब्लाउजच्या आत, डाव्या छातीच्या जागी, जुन्या धोतराचा तुकडा चौपदरी करून हातानं शिवला होता. बाहेरून काही कळत नव्हतं. तुकडा कितीदा तरी धुतलेला असणार, पण मधोमध पिवळट तांबूस डाग होता तो गेला नव्हता. साबणाच्या वासाखाली दुसरा एक वास होता. जखमेचा.

बाजाराचा दिवस होता. दुकानात बाया बसलेल्या होत्या. मास्तरीण उठली, मशीनवर खोळ टाकली आणि म्हणाली, "चला, उठा समद्या. दुकान बंद."

"अवं, पण माझ्या सुनेचं उद्या डोहाळजेवण हाय," एक जण म्हणाली.

"पदर घे म्हणावं अंगावरनं. ऊठ."

तिनं शटर ओढलं, ब्लाउज पिशवीत घातला आणि मला दंडाला धरून एसटीच्या थांब्यावर नेलं. आमच्या निमगाव केतकीहून मोरगावकडं, द्वारकीच्या सासरी, जायचं तर बारामतीला गाडी बदलावी लागते. दोन्ही गाड्यांत मास्तरीण एक अक्षर बोलली नाही. टेप गळ्यातच राहिला होता. कंडक्टर म्हणाला, "मावशी, शिट शिवायला निघालाव का काय?" त्यालाही तिनं उत्तर दिलं नाही. तो प्रवास सोडला तर मी तिला कधी गप्प बघितलेलं नाही.

तिचं नाव वच्छला. नवरा टेलर मास्तर होता म्हणून ती मास्तरीण. मास्तर पुरुषांचे कपडे शिवायचा, ती ब्लाउज. मास्तर लवकर गेला, दुकान तिच्याकडं आलं, आणि तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे पुरुषांचे कपडे घेणं बंद. म्हणाली, "गडी मानूस माप देताना पोट आत घेतो आन् शिवून झाल्यावर सोडतो. मग म्हणतो शर्ट घट केला. बाईचं तसं न्हाय. बाई माप देताना बी खोटं बोलते, पर कापड बोलत न्हाय."

आमचं घर तिच्या दुकानाच्या मागं. आमचा पानमळा आणि थोडी डाळिंबं. दुपारी मळ्यातून आले की मी तिच्या दुकानात टेकायची. मी चौथी शिकलेली, ती तेवढीही नाही. तिला आकडे यायचे ते टेपावरचे. माणसांची नावं विसरायची, पण मुंढे, म्हणजे खांद्या-काखेची ठेवण, लक्षात ठेवायची. "ती न्हवं का, उजवा खांदा उतरलेली" म्हटलं की आपण समजून घ्यायचं की सरपंचाची बायको. तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळं तिचं निम्मं बोलणं दातांतून यायचं आणि शिव्या टाचण्यांसकट यायच्या. मी तिला टाचणी गिळताना कधी बघितलं नाही, पण बघेन असं रोज वाटायचं.

रंगानं काळी, अंगानं सुकी, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्याला चहा सांगायला तिला उठावं लागत नव्हतं. मायाळू वगैरे नव्हती. सुनेशी तिचं पटलं नाही. लेकाशीही बेताचंच. उधार कापड मागणारीला दारातून वाटेला लावायची. तिच्याविषयी लोक आता फार गोड बोलतात, तेव्हा बोलत नव्हते.

माप घेण्याची तिची एक रीत होती. टेप लावून आकडे घेऊन झाले की म्हणायची, "दोरीवर कपडे वाळत घाल." म्हणजे दोन्ही हात वर करायचे, उंच दोरीवर लुगडं टाकल्यासारखे. मुंढ्यात ओढ कुठं बसते ते तिला तेव्हा दिसायचं. शिवून झाल्यावर घालून बघतानाही तेच. हात वर केल्यावर ब्लाउज वर चढला तर ती शिलाई घ्यायची नाही, उसवायची.

या रितीतच तिला पहिल्यांदा ते सापडलं. माझी जाऊ पारूबाई, आमच्याच घरातली. तिचा ब्लाउज मास्तरणीनं शिवला आणि तो उजवीकडं ओढायला लागला. उसवून पुन्हा शिवला. पुन्हा ओढला. मास्तरीण स्वतःवरच चिडली. तिसऱ्यांदा तिनं पारूबाईला आतल्या खोलीत नेलं, ब्लाउज काढायला लावला आणि म्हणाली, "घाल कपडे दोरीवर." हात वर झाले तशी उजव्या छातीची कातडी एका जागी आत ओढली गेली, उशीला गुंडी लावल्यासारखी. मास्तरीण बाहेर येऊन मला म्हणाली, "हौसे, ब्लाउज बरुबर हाय. अंग चुकलंय. दवाखान्यात न्या."

आम्ही नेलं, पण उशिरा नेलं. डाळिंबाचा तोडा चालू होता, मग दिवाळी आली, मग पाहुणे. पारूबाई दुखत नाही म्हणायची. ती दुखत नाही म्हणायची आणि आम्ही ऐकायचो. दुखत नाही हेच त्या रोगाचं वाईट, हे आम्हाला नंतर कळलं.

त्यानंतर मास्तरणीचे डोळे आणि बोटं बदलली. कपड्यांच्या निमित्तानं ती बायांची छाती बघायला लागली, आणि ते लपवून नाही. सरळ विचारायची, "गाठबीठ हाय का? हात लावू का?" काही बाया लाजून दुसरीकडं जायला लागल्या. तेव्हाच रेडिमेड ब्लाउजही आले होते. तिचं गिऱ्हाईक कमी झालं, तिला फिकीर नव्हती.

भिगवणची एक मासेवाली तिच्याकडं यायची, शेवंता नावाची. उजनीच्या पाण्यावरचे मासे घेऊन ती बाजाराच्या गावांना फिरायची. दांडगी बाई. मास्तरणीनं तिला हात वर करायला लावले आणि काखेजवळ शेंगदाण्याएवढी गाठ लागली. शेवंता म्हणाली, "पाट्या उचलून आलीय ती." मास्तरीण म्हणाली, "पाटी डोक्यावर उचलती का काखेत? उद्याच्याला दवाखान्यात गेली न्हाईस तर तुझं कापड वढ्याला टाकीन." शेवंता गेली. लवकर गेली म्हणून थोडक्यात सुटली. तेव्हापासून ती बाजाराला आली की मास्तरणीसाठी चांगला मोठा मासा आणायची. मास्तरीण माळकरी. ती नाक धरून म्हणायची, "गाठ मी धरली, मासा हौसीच्या घरी दे." असे मी पुष्कळ मासे खाल्ले. कुणाच्या पुण्याईचे खातेय हे मला माहीत होतं, आणि ते चवीला चांगले होते.

आता तिचं चुकलं कुठं ते सांगते.

अशा बाया तिला आणखी सापडल्या. आमच्या गावातल्या, इंदापूरकडच्या, बारामतीच्या उसाच्या पट्ट्यातल्या. मग मास्तरणीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. हा रोग पाटाच्या पाण्याच्या गावांचा. कोरड्या गावांचा नाही. दुकानात बसून ती हे सगळ्यांना सांगायची. "पाटाचं पाणी आलं, ऊस आला, फवारं आलं. बाया बसून खायाला लागल्या. एक पोर, दोन पोरं, आन् ती बी डब्याच्या दुधावर. मोरगावकडच्या बाया बघा. बाजरी खात्यात, शेरडामागं हिंडत्यात, पोरगं दोन दोन वरसं अंगावर पितंय. त्यांच्यातली एक तरी सापडली का मला? न्हाय सापडली."

खरंच सापडली नव्हती. सगळ्या माना डोलवायच्या. मीही डोलवायची. माझं माहेर तिकडचंच, मला बरं वाटायचं. पाण्यानं ज्यांना सगळं दिलं त्यांना हेही दिलं, आणि आमच्या माहेरच्या दगडधोंड्यात निदान हे तरी नाही, असं वाटून जरा बरोबरी झाल्यासारखी व्हायची.

द्वारकीचं सासर मोरगावच्या पुढं वस्तीवर. पाऊस पडला तर ज्वारी-बाजरी, नाही पडला तर शेरडं. ती एकदा माझ्याकडं राहायला आली होती, पोरीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी. मी तिला मास्तरणीच्या दुकानात नेलं. मास्तरणीनं टेप उचलला.

"ये गं, माप घेते."

"कशाला मास्तरीणबाई? ह्यो आणलाय की मापाचा. अंग काय, तेच हाय."

मापाचा ब्लाउज म्हणजे नीट बसणारा एक जुना ब्लाउज. तो दिला की शिंपीण त्यावरून नवा कापते. लांबच्या बाया तसंच करतात. एसटीनं येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीत कापड आणि मापाचा ब्लाउज जातो, शिवून परत येतो. बाई घरीच. द्वारकी दुकानात समोर बसून होती, तरी तिनं अंग दिलं नाही, ब्लाउज दिला. मास्तरणीनंही तो घेतला.

मग द्वारकीनं इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारलं, "मास्तरीणबाई, ते गाठीचं म्हणत्यात, ते कसं असतंय वो? दुखतंय का?"

मास्तरीण टाचण्यांतून हसली. "तुला कशाला पायजे? तू बाजरी खाऊन दगूड झालीस. तुझ्या अंगात गाठ शिरायची म्हनली तर तिलाच ठेच लागंल."

आम्ही सगळ्या हसलो. द्वारकी सगळ्यांत जास्त हसली. चहा पिऊन उठली आणि दुसऱ्या दिवशी घरी गेली.

पुढच्या वर्षी तिच्या पोरीचं लग्न ठरलं. मी माहेरच्या देवाला गेले होते, येताना द्वारकीच्या वस्तीवर थांबले. द्वारकी शेरडांमागं गेलेली. मी पोरीला म्हटलं, "आईला तुझ्या लग्नात नेसायच्या साडीवरचा ब्लाउज शिवायचाय, मापाचा दे." पोरीनं दोरीवर वाळत होता तोच काढून घडी करून दिला. तिला काय माहीत? द्वारकी घरात असती तर तो ब्लाउज माझ्या पिशवीत कधी पडला नसता.

आम्ही दोघी वस्तीवर पोचलो तेव्हा द्वारकी शेरडांना पाला टाकत होती. मास्तरणीनं पिशवीतून ब्लाउज काढला आणि आतली बाजू वर करून धरला. द्वारकीच्या हातातला पाला खाली पडला. तिनं आधी घराकडं बघितलं, पोरगी आत आहे का म्हणून.

"आक्का, तू आणलास व्हय ह्यो?"

"मी आणला," मी म्हटलं. "किती दिवस झाले?"

"लग्न हु दे. मग बघू."

मास्तरीण म्हणाली, "लग्नात आई पायजे का आईचा फोटू? फोटूला हार घालून अक्षता टाकायच्या असतील तर मी आली तशी जाते."

"सोयरीक मोडंल मास्तरीणबाई. आईला असलं हाय म्हनल्यावर पोरीला बी व्हईल म्हनत्यात. कोण करंल?"

"दाव मला."

"न्हाय."

"द्वारके, दाव."

तेव्हा द्वारकी मोठ्यानं बोलली. ती कधी मोठ्यानं बोलत नाही. "तुमीच म्हनला हुता ना, आमच्याकडं न्हाय व्हत! मी इच्यारलं हुतं तुमाला. तवा एवढीशी हुती. मी म्हनलं, मास्तरीणबाईला कळतंय, ती म्हनतीया न्हाय तर न्हाय. घरी येऊन गप बसले."

मास्तरीण शेरडांच्या दगडी डोणीवर बसली. पाणी होतं त्यात, लुगडं भिजलं, तरी बसून राहिली. एक शेरडू येऊन तिच्या गळ्यातल्या टेपाचं टोक चघळायला लागलं. तिनं ते ओढून घेतलं नाही. मला वाटलं आता ही काहीतरी कारण सांगेल. मी असते तर सांगितलं असतं.

"म्हनले हुते," ती म्हणाली. "चुकले. तू दारात बसली हुतीस आन् मी तुझा ब्लाउज घेतला, तुला घेतलं न्हाय." मग उठली. "चुकीची शिलाई ज्यानं घातली त्यानंच उसवायची असती. चल. आज बारामतीत ऱ्हाऊ, सकाळी दवाखाना."

द्वारकीचा नवरा, त्याला आम्ही आबा म्हणतो, तेवढ्यात आला. साधा माणूस. त्याला काही माहीत नव्हतं. मास्तरणीनं त्याला चार शब्दांत सांगितलं. तो म्हणाला, "दोन शेरडं इकतो. पर ती वाचंल का?"

"ते मला न्हाय म्हाईत, आबा. मला म्हाईत हाय म्हनून एकदा बोलले, त्याचं हे झालं."

बारामतीतली डॉक्टरीण तरुण होती, पण शहाणी. द्वारकीला तपासलं, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "उशीर झालाय, पण हातचं गेलेलं नाही. पुण्याला पाठवते. आधी औषधं, मग ऑपरेशन, मग पुन्हा उपचार. मधेच सोडायचं नाही." मी द्वारकीजवळ बाकावर बसले होते. मास्तरीण डॉक्टरणीच्या टेबलापाशीच उभी राहिली.

"डॉक्टरीणबाई, एक इच्यारू का? पाटाच्या गावात हे जास्त आन् कोरड्या गावात न्हाय, हे खरं का खोटं?"

डॉक्टरीण हसली नाही. म्हणाली, "अगदी खोटं नाही. शहरात जास्त सापडतो, खेड्यांत कमी. मुलं कमी होणं, उशिरा होणं, अंगावर न पाजणं, वजन वाढणं, या सगळ्यानं थोडा थोडा फरक पडतो. पण मावशी, कमी म्हणजे नाही असं नसतं. आणि दुसरं सांगू? त्या भागातल्या बाया आमच्यापर्यंत येतातच किती? ज्या येतात त्याच आमच्या हिशोबात येतात. न आलेल्या कुठं धरणार?"

मास्तरणीनं गळ्यातला टेप काढून हाताला गुंडाळला. मग म्हणाली, "माझ्याकडं बी तसंच झालं. पाटाच्या गावच्या बाया जवळच्या, त्या सोता यायच्या. मोरगावकडनं नुसतं ब्लाउज यायचं. मी ब्लाउजात गाठ हुडकत बसले. न्हाय घावली म्हनून म्हनले, तिकडं न्हायच."

डॉक्टरणीनं तिला पाणी दिलं. मला आठवतं, ती पाणी प्याली आणि ग्लास धुऊन ठेवायला निघाली. डॉक्टरीण म्हणाली, राहू द्या. पण तिनं धुतलाच.

पुण्याचे दिवस मी लिहीत नाही. द्वारकीचे केस गेले, नखं काळी पडली, तोंडाची चव गेली. डावी छाती काढली. लग्न पुढं ढकललं. सोयरीक मोडेल म्हणून ती ज्या घराला भीत होती, त्याच घरातून मुलाच्या आईचा निरोप आला, "आमाला पोरगी विहिणीसकट पायजे. विहीण बरी हु दे, मग तारीख काढू." द्वारकी तेव्हा रडली. आजारपणात तेवढी एकदाच रडलेली मी बघितली.

लग्नाच्या आधी द्वारकी निमगावला आली, या वेळी स्वतः. मास्तरणीनं आतलं दार लावून घेतलं आणि तिचं माप घेतलं. मी दाराशी बसले होते.

"हात वर कर. जातोय तेवढाच. दुखलं की थांब."

"डावा न्हाय जात."

"जाईल. रोज दोरीवर एक कापड टाकायचं. आज पदर टाक, उद्या चादर टाक."

मग तिनं ब्लाउजला आतून एक खिसा केला. एका बाजूला वजन नाही म्हणून बाईचा खांदा वर जातो, पाठ वाकडी होते, हे तिला टेपानं सांगितलं असणार. खिशात घालायला तिनं कापसाची पिशवी केली. ती हलकी, हात वर केला की गळ्याशी यायची. चिंध्या भरल्या, त्यांचे गोळे झाले. शेवटी तिनं माझ्या घरातून वाटीभर बाजरी मागवली. बाजरी मऊ कापडाच्या पिशवीत भरली, पिशवी खिशात बसवली, आणि ती बसली. वजन बरोबर आलं. द्वारकी कलली की तीही कलायची, वाकली की वाकायची.

द्वारकी आरशात बघून म्हणाली, "बाजरी खाऊन काय उपेग झाला न्हाय, आता बांधून बघते."

मास्तरीण इतकी हसली की तोंडातल्या टाचण्या जमिनीवर सांडल्या. मी त्या वेचल्या.

बाजरीला सोंडे लागतात. म्हणून दोन-अडीच महिन्यांनी पिशवी बदलावी लागायची, आणि जुनी बाजरी द्वारकी कोंबड्यांना टाकायची. "माझ्या कोंबड्या माझं थान खात्यात," असं ती चारचौघांत सांगते. मला ते आवडत नाही, पण ती सांगते.

त्या लग्नानंतर मास्तरणीनं दुकानात सांगून टाकलं, मापाचा ब्लाउज घेणार नाही. अंग आणा. लांबच्या बाया चिडल्या. आधीच गिऱ्हाईक कमी, ते आणखी कमी झालं. लेक म्हणाला, दुकान बुडवणार आहेस. ती म्हणाली, "तुझ्या बानं बुडवायला ठिवलंय, तर बुडवू दे." आणि बाया येत नाहीत म्हणून तीच जायला लागली. मोरगावचा बाजार असला की टेप आणि खडू घेऊन सकाळच्या एसटीनं द्वारकीच्या वस्तीवर. ओसरीवर बसायची. द्वारकी बायांना गोळा करून आणायची.

पहिल्यांदा मी बरोबर होते. बाया आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. कुणी पुढं येईना. द्वारकीची चुलत सासू, माझ्याहून म्हातारी, काठी टेकत आली आणि म्हणाली, "आमच्यात छातीला हात लावून घ्यायची रीत न्हाय."

"मग ब्लाउज म्हशीच्या मापाचा शिवू का?" मास्तरीण म्हणाली.

"लई टुरटुरी हाईस. कुठली तू?"

"निमगावची. पाटाच्या पाण्याची."

"तुमच्यात हाय तो रोग. आमच्यात कुणाला झाला न्हाय कधी."

मास्तरीण तिच्याकडं बघत राहिली. हेच ती स्वतः किती वर्षं बोलत आली होती. मग तिनं आवाज खाली आणला. तो आवाज मला नवीन होता. तिनं विचारलं, "आत्याबाई, कॅन्सर जाऊ द्या. कुणाचं थान पिकलेलं आठवतंय का? पोर अंगावर नसताना?"

म्हातारीनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "माझ्या सासूचं पिकलं हुतं. लिंबाचा पाला बांधायची. वास यायचा म्हनून तिला गोठ्यात ठिवली हुती."

"मग?"

"मग काय? मेली."

भिंतीशी बसलेली एक बाई म्हणाली, "आमच्या थोरल्या जावंला गळू हुतं, दगडागत. करणी हाय म्हनून भगताकडं नेली." दुसरी म्हणाली, "आईचं दूध साकळलं म्हनायचे. पर ती म्हातारी हुती, दूध कुठलं?" मग एकेक निघत गेलं. पिकलं होतं, गळू होतं, नजर लागली होती, बाहेरचं होतं. सगळं होतं, नुसतं ते नाव नव्हतं. मास्तरीण खडू हातात धरून ऐकत होती. सगळ्यांचं सांगून झालं. बाहेर शेरडं ओरडत होती.

पहिली उठली ती तीच म्हातारी. काठी भिंतीला लावली आणि म्हणाली, "घे. कुठं लावायचा त्यो टेप?"

तिच्यात काही सापडलं नाही. तिला ब्लाउज मात्र छान बसला. त्या वस्तीवरच्या एका सुनेला बारीक गाठ सापडली. ती वेळेवर दवाखान्यात गेली, आणि गाठ साधी निघाली. मास्तरणीनं तिला पेढे मागितले. फुकट माप घेणारी, पण पेढे मात्र मागून घेतले.

मास्तरणीनं मला काही शिकवलं असं मी म्हणणार नाही. तिनं माझी बहीण राखली, एवढं पुष्कळ झालं. तिच्या चुकीनं एक वर्ष गेलं, तेही खरं आहे. मी दोन्ही लक्षात ठेवते. द्वारकी फक्त एकच ठेवते. म्हणते, "आक्का, चुकलेलं कबूल करायला एसटीनं आलेली मी दुसरी कुणी बघितली न्हाय."

मास्तरणीला मी शेवटची बघितली ती बारामतीच्या एसटी स्टँडवर. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावलेला, पदराखाली टेप. ती मोरगावच्या गाडीत खिडकीशी बसली होती, आणि मी निमगावची गाडी धरायला चालले होते. गाडी सुरू झालेली. तिनं मला ओळखलं, चेहऱ्यावरून नाही, मुंढ्यावरूनच असणार. खिडकीतून बाहेर वाकून त्या आवाजात ओरडली,

"हौसे! घाल कपडे दोरीवर!"

भर स्टँडवर, सगळ्या लोकांत, मी पिशव्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हात वर केले. एका ड्रायव्हरला वाटलं मी त्याचीच गाडी थांबवतेय, त्यानं करकचून ब्रेक मारला आणि मला शिवी दिली. मास्तरणीनं चष्मा कपाळावर सारून मला नीट बघितलं, डावीकडून आणि उजवीकडून. मग मान हलवली आणि आत झाली. गाडी गेली.

त्या उन्हाळ्यात ती दुपारची झोपली ती उठली नाही. छातीचं काही नव्हतं. वय झालं होतं.

माझी जाऊ पारूबाई वाचली नाही. भिगवणची शेवंता वाचली, अजून मासे घेऊन येते. द्वारकी वाचली.